वैजनाथभाऊंचं आमेन

मंजुश्रीला वैजनाथभाऊंचा नुसता राग आला असता, तर तो कधीच निवला असता. तिनं डूख धरला होता, आणि डूख धरणाऱ्या माणसाला घाई नसते. दर गुरुवारी ती लातूरजवळच्या मुरुडच्या मिशनमध्ये जायची, खिचडीचे तांदूळ निवडायची, लोकांच्या जखमांच्या पट्ट्या सोडायची, नव्या बांधायची. लोक म्हणत, केवढी सेवाभावी बाई! होतीच ती. फक्त या सेवेचं मूळ कारण पाळकसाहेबांना कळलं असतं, तर त्यांनी तिला पातेल्याजवळ उभंसुद्धा केलं नसतं.

मिशन म्हणजे बार्शी रस्त्याला पत्र्याचं एक लांबलचक शेड, मागे चूल आणि पुढे चिंचेचं झाड. गुरुवारी आसपासच्या खेड्यांतून गरजू माणसं यायची. कुणाची जखम भरत नाही, कुणाला खोकला, कुणाच्या घरात खायला नाही, कुणाच्या घरात बोलायला माणूस नाही. लातूरहून डॉक्टर हुमा स्वतःची स्कूटी काढून यायच्या, फुकट तपासायच्या, गोळ्या द्यायच्या. मग पोटभर खिचडी. आणि त्यानंतर ज्याची इच्छा असेल त्यानं प्रार्थनेला बसायचं. कुंकू लावून या, टोपी घालून या, जात-धर्म विचारायचा नाही, असा पाळक दयानंद यांचा नियम होता आणि तो ते खरोखरच पाळायचे.

प्रार्थनेची तिथली रीत वेगळी होती. सगळ्यांनी गोल बसायचं, हातात हात धरायचे, डोळे मिटायचे. प्रत्येकानं आपल्या उजव्या हाताला बसलेल्या माणसासाठी मोठ्यानं, नाव घेऊन प्रार्थना करायची. ती संपली की ज्याच्यासाठी केली त्यानं आधी एकट्यानं 'आमेन' म्हणायचं. म्हणजे काय, तर तू माझ्याबद्दल देवाला जे सांगितलंस ते खरं आहे, मला मान्य आहे. मग सगळे मिळून 'आमेन' म्हणायचे आणि पाळी पुढे सरकायची. ते एकट्याचं आमेन झाल्याशिवाय कुणी कुणाचा हात सोडायचा नाही.

या गोलात वैजनाथभाऊंच्या उजवीकडे बसायला झुंबड उडायची, कारण मग भाऊंची प्रार्थना आपल्याला मिळणार. भाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म लातूरच्या स्थानकावर गाड्या पुकारण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर तोच आवाज त्यांनी प्रभूच्या सेवेला लावला. ते प्रार्थना करू लागले की वाटायचं, देवानं आता उठायला उशीर केला तर त्याची गाडी चुकणार. चाकूर, औशापासून माणसं त्यांच्यासाठी यायची. त्यांच्या डावीकडच्या जागेवर मात्र बहुधा कुणीतरी चुकूनमाकून येऊन बसलेलं असायचं. एवढ्या मोठ्या प्रार्थनावीरासाठी आपण काय प्रार्थना करणार?

मंजुश्री इतकी वर्षं त्यांच्यापासून चार हात लांब बसत आली होती.

तिची आई साखराबाई. नाव साखराबाई आणि आजारही साखरेचाच, म्हणून म्हातारी स्वतःच हसायची. मंजुश्री लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी परत आली ती कायमची. तेव्हापासून मायलेकी दोघीच. मंजुश्री ब्लाउज शिवायची, आई हूक लावायची, काज करायची. मग आईच्या टाचेला जखम झाली आणि काही केल्या भरेना. डॉक्टरांनी इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू केली. मंजुश्री थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ती आणायची, माठाशेजारी ओल्या फडक्यात जपायची. आईची साखर उतरू लागली, जखमेला लाली आली. आणि नेमके तेव्हाच वैजनाथभाऊ घरी प्रार्थनेला येऊन गेले. मंजुश्री शिवलेले कपडे पोचवायला लातूरला गेली होती. परत आली तर आईचं तोंड उजळलेलं आणि इंजेक्शनं उकिरड्यावर.

"भाऊ म्हनले, एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत," आई म्हणाली. "एक तर सुई धर, न्हाई तर देव धर. म्या देव धरला, पोरी."

मंजुश्री रडली, भांडली, आईच्या पायावर डोकं ठेवलं. म्हातारीनं ऐकलं नाही. पाय काळा पडला, ताप चढला आणि ती गेली. मातीच्या वेळी वैजनाथभाऊच सगळ्यांत पुढे. 'आपली बहीण साखराबाई प्रभूमध्ये निजली,' असं त्यांनी त्या गाड्या पुकारायच्या आवाजात सांगितलं आणि लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्याच मातीत त्यांनाही लोटून द्यावं असं मंजुश्रीला वाटलं होतं. हातात फावडं असतं तर तिनं काय केलं असतं, कुणास ठाऊक.

ती पाळकसाहेबांकडे गेली. पाळकांनी भाऊंना बोलावून विचारलं. भाऊंनी कानावर हात ठेवले. "मी? मी तर म्हणालो, डॉक्टरांचं ऐका. ताई दुःखात आहेत, त्यांच्या बोलण्याचं मी मनाला लावून घेणार नाही." साक्षीदार एकच, आणि ती मातीखाली. पाळक दयानंद भला माणूस, पण भल्या माणसांचा न्यायनिवाड्यात फार उपयोग होत नाही. ते म्हणाले, "ताई, क्षमा करा आणि मोकळ्या व्हा."

"करते," मंजुश्री म्हणाली आणि पुढच्याच गुरुवारी मिशनच्या कामाला लागली.

तिला एकच हवं होतं. या माणसानं भरल्या गोलात, स्वतःच्या तोंडानं कबूल करावं. रोज निजताना ती आईला सांगायची, "थांब जरा. त्याला कबूल करायला लावते, मग येतेच तुला भेटायला." मेल्यावर आपली माणसं वर भेटतात यावर तिचा पक्का विश्वास होता. तिथं आईपुढं रिकाम्या हातानं उभं राहायची तिची तयारी नव्हती.

सुरुवातीला वैजनाथभाऊ तिला टाळायचे. चोराच्या मनात चांदणं. पण बाई तोंडातून चकार शब्द काढत नाही, उलट खिचडी वाढताना त्यांच्या ताटात लिंबाची फोड ठेवते, हे बघून ते हळूहळू सैलावले. "ताईंनी मला क्षमा केली," असंही ते चारचौघांत सांगू लागले. मंजुश्रीनं तेही ऐकून घेतलं आणि लिंबाची फोड वाढत राहिली.

दिवाळी झाल्यावर मिशनचे मोतीबिंदूचे पेशंट घेऊन तिला नांदेडला जावं लागलं. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना बाकावर बसवून ती थेंब आणायला डॉक्टर लेनमध्ये गेली. औषधाच्या दुकानापुढे वैजनाथभाऊ उभे! ते तर किनवटला गेले होते. दर महिन्याला ते किनवटकडच्या तांड्यांवर उपासनेला जात, आणि परत आले की तिथल्या जंगलातल्या विश्वासाच्या गोष्टी रंगवून सांगत. मंजुश्री चटकन शेजारच्या फळाच्या गाड्याआड झाली. दुकानदारानं थर्माकोलचा डबा काढला, त्यात बर्फ भरला, वर काहीतरी ठेवलं. भाऊंनी डबा पिशवीत घातला, पिशवीवर पंचा टाकला आणि निघाले. एवढ्या वेळात ते इतकं हळू बोलले की एकही शब्द तिच्यापर्यंत आला नाही. या माणसाला कुजबुजताही येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

ते गेल्यावर ती पुढे झाली. "आत्ता त्या काकांना दिलं तेच मला पायजे."

"ते इन्सुलिन हाय ताई. चिठ्ठी लागती," दुकानदार म्हणाला. "काका लई जुनं गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं नेतात."

वर्षानुवर्षं. म्हणजे आईची इंजेक्शनं उकिरड्यावर गेली त्या दिवशीसुद्धा हा बाबा सकाळी पोटात सुई टोचूनच तिच्या घरी आला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं आपण म्हणतो. पण पाषाण बरा, तो कुणाचा जीव घेत नाही. परतीच्या बसमध्ये मंजुश्री खिडकीकडे तोंड करून हसत होती. शेजारच्या बाईला वाटलं, हिला काहीतरी आनंदाची बातमी कळली असावी. बातमी आनंदाचीच होती.

आता नुसतं पाळकांना सांगून भागणार नव्हतं. भाऊ पुन्हा कानावर हात ठेवतील, दुकानदार काही मुरुडला साक्ष द्यायला येणार नाही. तिला गोल हवा होता, आणि तोही ईस्टरच्या आधीच्या मोठ्या गुरुवारचा. त्या दिवशी लातूर, चाकूर, औसा सगळीकडची माणसं येतात, शेड अपुरं पडतं. तोवर तोंड शिवून बसायचं. शिवणकाम तर तिचं रोजचंच होतं.

आणि इथंच धुरपतामावशी आडवी आली.

धुरपता जवळच्याच खेड्यातली. लोकांच्या शेतात मजुरीला जाणारी. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनच्या रानात तिच्या पायात धसकट घुसलं, अंगठ्याच्या खाली भोक पडलं आणि ते बुजेना. डॉक्टर हुमांनी तपासलं, तर साखर आभाळाला टेकलेली. गोळ्या सुरू झाल्या. दर गुरुवारी ती यायची आणि मंजुश्री तिचा पाय कोमट पाण्यानं धुऊन पट्टी करायची. बाई बडबडी, तोंडात कायम मिस्री, आणि बोलताना मंजुश्रीच्या गालाला हात लावायची खोड. साखराबाईलाही तीच खोड होती. मंजुश्रीनं कधी कबूल केलं नसतं, पण गुरुवारी ती धुरपताची वाट बघायची.

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या झाली. लातूर जिल्ह्यात येळवशीला गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात, हे काही सांगायला नको. त्यानंतरच्या गुरुवारी धुरपता लंगडत, पण हसत आली. तिनं मंजुश्रीसाठी मातीची बिंदगी भरून आंबील आणि डब्यात पालेभाज्यांची भज्जी आणली होती. मंजुश्रीच्या शेजारी फतकल घालून बसली आणि कानाला लागली.

"तुला म्हनून सांगते माय, कुनाला बोलू नगं. म्या गोळ्या सोडल्या."

मंजुश्रीचा तांदळातला हात थांबला. "कामून?"

"वैजनाथभाऊ म्हनले, गोळी बी खायाची आन देवाला बी मागायचं, असं कसं जमंल? येकावर इस्वास ठिव. ईस्टरपस्तोर पाय ठनठनीत हुतो म्हनले." ती आंबिलीचं भांडं पुढे सरकवून म्हणाली, "डागदरीनबाईला सांगू नगं. तिला वाईट वाटंल. लई गुनाची पोर हाय."

शब्द मंजुश्रीच्या ओठापर्यंत आले होते. मावशी, तो माणूस स्वतः सुया टोचून घेतो. एवढंच वाक्य. पण ते उच्चारलं की धुरपता तडक भाऊंकडे जाणार आणि विचारणार, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. भाऊ सावध होणार. नांदेडचं दुकान बदलणार. मोठ्या गुरुवारी तापाचं निमित्त करून घरी बसणार. आणि पुन्हा एकदा तोच शब्द तिच्या तोंडावर फेकणार: ताई दुःखात आहेत.

"आंबील चांगली झालीया," मंजुश्री म्हणाली.

तिनं स्वतःची समजूत घातली. डॉक्टर हुमा हुशार आहेत, त्यांच्या लक्षात येईलच. आपण पट्टी अजून नीट करू. गोळ्या सोडल्या म्हणून लगेच काही होत नाही. तिच्या आईला किती दिवस लागले होते हे तिला पाठ होतं, पण ते तिनं आठवलं नाही.

डॉक्टर हुमांच्या लक्षात आलंच. मशीनवर आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अम्मा, गोळी वक्तावर घेता ना?"

"घेते की," धुरपता म्हणाली.

"रोज?"

"रोज, माय. जेवल्याबरूबर."

हुमांनी मंजुश्रीकडे पाहिलं. मंजुश्री धुरपताच्या पायाशी बसली होती, पट्टीचं टोक हातात. त्या नुसतं 'ताई?' म्हणाल्या असत्या तरी तिच्या तोंडून निघून गेलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी गोळीचा डोस वाढवून दिला, आणि धुरपतानं त्या वाढीव गोळ्याही घरी नेऊन मिस्रीच्या डबीत भरून ठेवल्या.

पुढचे गुरुवार असेच गेले. मंजुश्रीची पट्टी मात्र इतकी सुबक होत गेली की बघणाऱ्यानं वाखाणावी. वैजनाथभाऊ धुरपताच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे तेव्हा ती बाजूला उभी राहून मनात म्हणायची, कर, अजून कर, तुझे दिवस भरत आले. ऊन तापायला लागलं. चिंच झाली, ती झोडून मिशनच्या बायकांनी फोडलीसुद्धा.

मोठ्या गुरुवारच्या आधीच्या आठवड्यात तिनं धुरपताची पट्टी सोडली आणि तिला तो वास आला. अंगठा काळपट पडला होता. हा वास तिनं घरात, आईच्या अंथरुणाशी बसून घेतला होता. तो ओळखायला तिला डॉक्टरची गरज नव्हती.

"मावशी..."

"काय गं?"

फक्त एक आठवडा. इतकी वर्षं थांबले, आता एका आठवड्यासाठी हातचं घालवायचं?

"काही नाही. पाय हलवू नका."

डॉक्टर हुमांनी पाय पाहिला आणि आजच्या आज लातूरच्या सरकारी दवाखान्यात जा, असं दटावून सांगितलं. धुरपता हो हो म्हणाली आणि घरी गेली. ईस्टर तोंडावर आला होता आणि भाऊंनी शब्द दिला होता.

मोठा गुरुवार उजाडला. शेड माणसांनी फुलून गेलं. मंजुश्रीनं आईचं निळं काठाचं लुगडं नेसलं. धुरपता आली नव्हती. उशिरा येईल असं मंजुश्रीला वाटलं, आणि त्या गडबडीत ती ते विसरली. जेवणं उरकली, माणसं गोल बसू लागली. वैजनाथभाऊंच्या उजवीकडे नेहमीसारखी रेटारेटी चालली होती. डावीकडे मंजुश्री सावकाश जाऊन बसली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, हसले, हात पुढे केला.

"प्रभूची स्तुती असो, ताई."

"असो," ती म्हणाली आणि तिनं तो हात घट्ट धरला.

पाळी फिरत फिरत तिच्यापर्यंत आली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

"प्रभू," ती म्हणाली, "तुझे सेवक वैजनाथभाऊ यांच्यासाठी मी तुझ्याकडे आले आहे. यांना साखरेचा आजार आहे, प्रभू. वर्षानुवर्षं आहे. हे दुसऱ्यांची दुखणी वाहतात आणि आपलं दुखणं कुणाला दाखवत नाहीत."

"हालेलूया," कुणीतरी कळवळून म्हणालं. भाऊंचा हात तिच्या हातात ताठ झाला.

"किनवटला जातो म्हणून हे दर महिन्याला निघतात आणि नांदेडला डॉक्टर लेनमध्ये जातात. तिथल्या डॉक्टरांना तू बुद्धी दे. हे रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतात, त्या सुईवर तुझा आशीर्वाद असू दे. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ नांदेडपासून घरापर्यंत वितळू देऊ नकोस, प्रभू."

भाऊंनी हात ओढला. मंजुश्रीनं सोडला नाही. जन्मभर कात्री चालवलेली बोटं होती ती.

"माझ्या आईला यांनी सांगितलं, एक तर सुई धर, नाही तर देव धर. तिनं देव धरला आणि ती मेली. यांनी दोन्ही धरलं आणि हे आमच्यात बसले आहेत. यांना उदंड आयुष्य दे. यांचं ऐकून ज्यांनी ज्यांनी गोळ्या टाकल्या, त्या सगळ्यांची तोंडं यांना रोज बघायला मिळू देत. येशूच्या नावानं मागते."

शेडमध्ये पत्रा तापल्याचा आवाज तेवढा येत होता. एकेक डोळा उघडला. सगळे भाऊंच्या आमेनची वाट बघत होते. एका म्हातारीला अर्धंच ऐकू आलं होतं, ती लांबून म्हणाली, "म्हना की भाऊ आमेन. किती मायेनं मागितलं पोरीनं!"

भाऊंचे ओठ हलले.

"ऐकू न्हाई आलं," चाकूरचा मल्लिनाथ म्हणाला. दर महिन्याला बायकोला घेऊन भाऊंच्या प्रार्थनेला येणारा हा माणूस. तो उठून उभा राहिला होता. "भाऊ, मोठ्यानं म्हना. खरं आसंल तर आमेन म्हना, खोटं आसंल तर खोटं हाय म्हना. हिच्या बीपीच्या गोळ्या म्या हिरीत टाकल्यात, तुमच्या सांगण्यावरून."

पाळक दयानंद यांचा चेहरा पांढरा पडला. "भाऊ, हे खरं आहे?"

"माझी गोष्ट वेगळी आहे," वैजनाथभाऊ म्हणाले. "मला सेवा करायची असते. मी आजारी पडलो तर या लोकांसाठी प्रार्थना कोण करणार?"

एवढं पुरे होतं. ते ऐकून मल्लिनाथची बायको हमसाहमशी रडू लागली. मंजुश्री अजूनही हात धरून होती. "भाऊ, आमेन राहिलं," ती गोड आवाजात म्हणाली.

"आमेन," वैजनाथभाऊ म्हणाले. सबंध बसस्थानक हलवणारा तो आवाज तिसऱ्या माणसापर्यंतही गेला नाही. तेव्हा कुठं तिनं हात सोडला. भाऊ उठले आणि माणसांमधून वाट काढत निघाले. कुणी त्यांना 'थांबा' म्हटलं नाही. कुणी वाटही करून दिली नाही.

सुख सुख म्हणतात ते काय असतं, हे मंजुश्रीला त्या दुपारी कळलं. उरलेली खिचडी तिनं दोनदा वाढून घेतली. आई, बघितलंस का, असं ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग तिला धुरपताची आठवण झाली. आता मावशीला सांगायला हरकत नव्हती. आता गोळ्या सुरू करायच्या, उद्यापासूनच. तिनं धुरपताच्या गावच्या बाईला विचारलं.

"तिला काल जीपमधी घालून लातूरला नेलं की किशननं," ती बाई म्हणाली. किशन म्हणजे धुरपताचा मुलगा. "ताप मेंदूत गेल्यावानी बडबडत हुती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुश्री डब्यात लापशी घेऊन लातूरच्या दवाखान्यात गेली. बायकांच्या वॉर्डात, खिडकीखालच्या खाटेवर धुरपता पडली होती. ताप उतरला होता, डोळे खोल गेले होते. अंगावर चादर होती. डाव्या गुडघ्याच्या खाली ती चादर गादीला सपाट टेकली होती.

मंजुश्री उभीच राहिली.

"बस," धुरपता म्हणाली. "मल्लिनाथच्या बायकूचा किशनला फोन आलता. समदं सांगितलं तिनं. लई भारी प्रार्थना केलीस म्हनं."

"मावशी, तो माणूस पहिल्यापासून खोटारडा..."

"त्याचं कळलं मला." धुरपतानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं म्हटलं असतं, तर धुरपतानं विश्वास ठेवला असता. ती कुणावरही विश्वास ठेवायची. पण मंजुश्रीच्या तोंडून ते निघालं नाही.

"दिवाळी झाल्यावर."

"आन येळवशीची आंबील घिऊन म्या तुझ्याकडं आलते, गोळ्या सोडल्या म्हनून सांगाया. तवा तुला ठावं हुतं?"

"हो."

"डागदरीनबाईनं इचारलं तवा तू माझ्या पायापाशी बसली हुतीस."

"हो, मावशी. मला त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं होतं. माझ्या आईला त्यानं..." तिनं हात जोडले. "मला माफ करा."

"न्हाई करीत," धुरपता शांतपणे म्हणाली. "तू केलीस का त्याला?"

मंजुश्री स्टुलावर बसली आणि डबा मांडीवर घेतला. पलीकडच्या खाटेवरची बाई पाणी मागत होती, खाटेच्या पायथ्याशी बसलेला किशन तिला पाणी द्यायला उठला.

"त्यो तर परका मानूस," धुरपता म्हणाली. "त्यानं कधी माझ्या पायाला हात बी लावला न्हाई. तू धुयाचीस तो. वास आला तवा तुझं त्वांड म्या बघितलं हुतं. म्या म्हनलं, पोरीला माझी कीव आली." ती जरा थांबली, दम खाल्ला. "तुझी माय वर हाय म्हंतीस न्हवं? आपली मानसं तिथं भेटत्यात म्हंतीस."

"हो."

"मी काई आता लई दिस काढत न्हाई. गेले की पैली तिला हुडकते. साखराबाई कोन म्हनून इचारते आन सांगते तिला, तुझ्या लेकीनं तुझ्या नावावर माझा पाय घेतला. बघू काय म्हंती."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. लापशीचा डबा मंजुश्रीच्या मांडीवर तसाच होता. आईला भेटायचं या एका ओढीवर तिनं इतकी वर्षं काढली होती, आणि आता त्या भेटीचा नुसता विचारही तिला नकोसा झाला. तिनं डोळे मिटले आणि धुरपतामावशीला उदंड आयुष्य मिळू दे, म्हणून देवाला विनवू लागली. त्या विनवणीत माया थोडी होती, भीतीच फार होती.